‘टाकाऊ’ फोल्डरातली हाक

दसऱ्याच्या सकाळी वास्कोहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. तेवढ्यावर खूश राहायला हवं होतं, पण मला एक वाईट खोड आहे. बस सुरू झाली की मी मोबाईल काढतो आणि डिचोलीच्या घरातले टीव्ही तपासतो. टीव्हीवर काय चाललंय ते नव्हे, कुठला चालू आहे आणि कुठला बंद, एवढंच. घरात चार टीव्ही आहेत. चारही एकाच कॉम्प्युटरवरून चालतात आणि तो कॉम्प्युटर मला माझ्या मोबाईलवर दिसतो. स्वयंपाकघरातला चालू असला म्हणजे आई उठली. बाहेरच्या खोलीतला चालू असला म्हणजे बाबांचा पेपर वाचून झाला. आठवड्याचे पाच-सहा दिवस मी वास्कोला बंदरात इलेक्ट्रिशियनची नोकरी करतो, तिथेच एका खोलीत राहतो, आणि घरची खुशाली ही अशी घेतो.

त्या दिवशी चारही टीव्ही दिसेनात. कॉम्प्युटरच सापडत नव्हता.

जुवारीचा पूल येईपर्यंत मी दहादा बघितलं. मग थोरल्या भावाला फोन लावला.

“लायट गेल्या काय रे?”

“ना. फॅन चालू आसा.”

“मग मशीन कित्याक बंद?”

 आमचा भाऊ गप्प बसणाऱ्यातला नव्हे. क्रिकेटच्या एका चेंडूवर तो अर्धा तास बोलू शकतो. पण आता एवढंच म्हणाला, “तूं घरा यो. मागीर सांगतां.”

फोन ठेवला. त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते मला माहीत होतं.

तो मीच बसवला होता. आमचं घर डिचोलीहून नार्व्याला जाणाऱ्या रस्त्यावर, खाली बाबा-आई, वर भाऊ-वहिनी, मागच्या अंगाला माझी खोली. पूर्वी प्रत्येक टीव्हीचा पेनड्राईव्ह वेगळा आणि प्रत्येक पेनड्राईव्हवरून भांडण वेगळं. आईच्या भजनांवर भावानं सामना भरला, भावाच्या सामन्यावर वहिनीनं केकच्या कृती भरल्या. शेवटी मी वैतागून जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर मांडला, त्यात मोठी डिस्क घातली, आणि भिंतीतून वायर ओढून चारही टीव्ही त्याला जोडले. सगळं एका जागी. बाहेरच्या खोलीत अर्धा बघितलेला सिनेमा वर जाऊन पुढे बघता यायचा. कोणी काय अर्धवट सोडलं तेही सगळ्यांना दिसायचं. भावानं पोट कमी करायच्या व्यायामाचा व्हिडिओ चौथ्या मिनिटाला सोडला होता आणि तो आठ महिने तिथेच होता. वहिनी पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवायची.

पण त्या डिस्कवर खरी मौल्यवान वस्तू एकच होती. बाबांचा आवाज.

बाबांनी सारी उमर खाणीवर ट्रक चालवला, आणि वर्षातून एकदा देवळाच्या उत्सवात मराठी संगीत नाटकात गायले. आमच्याकडे गावोगाव ही पद्धत आहे, दिवसा ट्रक चालवणारा माणूस रात्री राजा होतो. तालमी आमच्या ओसरीवर व्हायच्या आणि कोणीतरी टेप लावून ठेवायचं. अशा कॅसेटी खोकंभर होत्या. चार वर्षांपूर्वी गणेश चवथीच्या सुट्टीत मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. मोठ्या हौसेनं साफही केल्या. खोकला, कुत्र्याचं भुंकणं, पेटीवाल्याची बडबड, रस्त्यावरून जाणारा ट्रक, असं मधे मधे येणारं सगळं कापून काढलं आणि निव्वळ गाणी वेगळी ठेवली. कापलेले तुकडे फेकून द्यायला हात धजेना, म्हणून एक वेगळा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं ‘टाकाऊ’. कॅसेटींना बुरशी धरली होती. त्या भंगारात दिल्या. आई म्हणाली होती, ऱ्हांव दी रे एक-दोन. मी म्हटलं, “सगळां मशिनीत आसा. कचरो कित्याक सांबाळूंक जाय?”

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. बाबा वाचले. आवाज गेला.

तेव्हापासून बाबांच्या हातात पाटी आली. आणि एक विचित्र गोष्ट झाली. आमच्या घरात बोलायचं ते कोकणी वळणाचं, पण बाबा शाळा शिकले मराठीत, त्यामुळे लिहायचं ते शुद्ध मराठी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी पाटीवर लिहून आईला दाखवलं, ‘चहा मिळेल का?’ आईनं अक्षरं जुळवत वाचलं आणि म्हणाली, “हो कोण सायब आयला आमच्या घरा?” आम्ही हसलो. बाबाही हसले, आवाज न करता. पण नंतर आई मोरीत जाऊन रडली. ते मला वहिनीनं सांगितलं. पन्नास वर्षं ज्या माणसाशी बोलली तो माणूस पाटीवर नव्हता. पाटीवर कोणी मास्तर होता.

भावानं मोबाईलवर लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय करून दिली. तीत बाईचा आवाज होता. बाबांनी एकदा ऐकला आणि मोबाईल कदेलीवर, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर, उपडा टाकला.

मग मी त्यांना मोबाईलवरून टीव्ही चालवायला शिकवलं. गाणं निवडायचं, टीव्ही निवडायचा, दाबायचं. आठवडाभरानं, शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी घरी होतो, आणि स्वयंपाकघरातल्या टीव्हीतून एकदम बाबांचा जुना, खणखणीत आवाज आला.

“आगो, च्या जाली गो?”

आईच्या हातातला डाव खाली पडला.

बाहेर येऊन बघतो तर बाबा कदेलीवर बसलेले, मांडीवर मोबाईल आणि तोंडावर लबाड हसू. ‘टाकाऊ’ फोल्डर धुंडाळून त्यांनी ती हाक शोधली होती. कुठल्याशा तालमीत गाणं मधेच थांबवून त्यांनी आईला चहासाठी हाक मारली होती आणि मी ती कचरा म्हणून कापून ठेवली होती. त्या दिवसापासून रोज चार वाजता ती हाक स्वयंपाकघरातल्या टीव्हीतून येऊ लागली. आई वैतागल्यासारखं करायची, “मशिनीक सांग, दोन हातच आसात माका,” आणि चहा घेऊन यायची. वास्कोला बसून मला ते मोबाईलवर दिसायचं. चार वाजले की स्वयंपाकघरातला टीव्ही चार सेकंदांसाठी चालू व्हायचा आणि बंद व्हायचा. तेवढं दिसलं की मी माझ्या कामाला लागायचो.

हे सगळं त्या एका डिस्कवर होतं. आणि भाऊ म्हणत होता, घरी ये, मग सांगतो.

पणजीला बस बदलली, डिचोलीला पुन्हा बदलली. दसऱ्यामुळे प्रत्येक गाडीला रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. ते बघता बघता मला आदल्या दिवशीचा फोन आठवला.

बाबांशी फोनवर बोलायची आमची एक रीत आहे. मी बोलतो, ते बोटानं मोबाईलवर टकटक करतात. एकदा म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही. आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, “बाबा, फाल्यां दसऱ्याक गाडयेची पूजा करतले मरे?” टक. मग मी आपला विनोद केला, “मशिनीचीय करात हां. बिचारी चार टीव्ही वडटा.” टक.

बाबा दसऱ्याची पूजा कशी करतात ते मी लहानपणापासून बघत आलोय. ट्रक धुवायचा. हार घालायचा. इंजिन चालू करायचं, कारण त्यांच्या मते बंद गाडीची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला ओवाळणं. मग नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी चाकांवर आणि बॉनेटवर ओंजळीनं शिंपडायचं.

आणि त्या कॉम्प्युटरची एक बाजू उघडी होती. एप्रिलमध्ये तो तापायला लागला म्हणून मीच झाकण काढलं होतं. स्क्रू वाटीत घालून फळीवर ठेवले होते. ऊन कमी झालं की लावू म्हटलं होतं. बंदरात कोणी पॅनेल उघडं ठेवलं तर मी त्याला चारचौघांत झापतो.

घरी पोचलो. जिन्याखाली कॉम्प्युटर होता, वर झेंडूची माळ, समोर कुंकू, बाजूला नारळाची दोन भकलं. आत हात घातला तर अजून चिकट ओल होती. जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. पंखे थांबलेले. तो पंख्यांचा घुमणारा आवाज घरात इतका मुरला होता की बंद झाल्यावर घर रिकामं वाटत होतं.

बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. हातात पाटी नव्हती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला पूर्ण आठवतं आणि पूर्ण लिहायची लाज वाटते. आजवर बाबांपुढे मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला, कारण पलीकडून आवाज येणार नव्हता. “ही काय खाणीवयली गाडी?” म्हटलं. “विजेच्या वस्तूचेर उदक घालतात? येदें कळना?” भाऊ मधे पडला. “तूंच सांगिल्लें न्हय रे फोनार,” म्हणाला. त्यानं तर मी आणखीच भडकलो. शेवटी म्हटलं, “निदान बंद तरी करपाचें! बंद करूंक कळ्ळें ना तुमकां?”

बाबांनी दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केलं.

दोनदा म्हणजे नाही. मी रागानं विचारलं होतं. त्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

  बाबा आत गेले आणि कदेलीवर बसले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं माझ्या ओरडण्याबद्दल अक्षर काढलं नाही, फक्त विचारलं, “ती हाक आसा मरे?”

“आसा,” मी म्हटलं. “वास्कोक दुसरी डिस्क आसा. तातूंत सगळां कॉपी जाता. घाबरूं नाका.”

हे खोटं नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं रोज आपोआप माझ्या खोलीतल्या डिस्कवर उतरत असे. तशी सोय मीच केली होती. आईनं सुस्कारा सोडला. आतून एकदा टक आवाज आला. बाबांनी ऐकलं होतं.

मग जेवायला बसलो. खिरीत साखर जास्त झालीय असं वहिनी म्हणाली, आणि ते कोणी खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून खोलीवर गेलो, चप्पलही न काढता डिस्क लॅपटॉपला लावली. गाणी होती. एकूण एक होती. एक लावून बघितलं. बाबांनी तान घेतली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग ‘टाकाऊ’ शोधला. नव्हता. पुन्हा शोधला. सगळे फोल्डर एकेक उघडून बघितले. सिनेमे होते, केकच्या कृती होत्या, भावाचा व्यायाम होता. ‘टाकाऊ’ नव्हता.

मग आठवलं. कॉपीची सोय करताना समोर फोल्डरांची यादी आली होती, आणि कुठले घ्यायचे त्यावर खूण करायची होती. मी सगळ्यांवर केली. ‘टाकाऊ’वर केली नाही. कचऱ्याची कसली कॉपी करायची? आणि बाबा तो फोल्डर रोज वापरायला लागले तेव्हाही ती खूण करायचं माझ्या डोक्यात आलं नाही. डिस्क अर्धीअधिक रिकामी होती. तो हाकेचा तुकडा चार सेकंदांचा होता.

मोबाईल वाजला. आई.

“आसा?”

“गाणीं सगळीं आसात आई. एकूय वचूंक ना.”

“गाणीं न्हय रे.”

मी म्हटलं, “पळयतां. सोदतां.” फोन ठेवला आणि शोधायचं सोडून पलंगावर बसून राहिलो. गाण्यांना गाव होता. गाणी कोणीही ऐकावी. हाक फक्त तिची होती, आणि ती मी निवडून मागे ठेवली होती.

आता आशा एकच, जळालेली डिस्क. रजा टाकून ती म्हापशाला एका माणसाकडे नेली. तो बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतो. त्यानं भिंगातून बघितलं, वास घेतला. “कितें पडलां हाचेर?”

“नारळाचें उदक.”

त्यानं मान वर केली. “पूजा?”

मी मान हलवली. तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. दसऱ्यानंतर अशी एक-दोन येतातच, म्हणाला. वरची सर्किटची पट्टी जळलीय, तशीच दुसरी मिळवून लावावी लागेल, मग आत काय उरलंय ते कळेल. दहा-बारा दिवस लागतील. शब्द देत नाही.

ते दिवस मी कसे काढले ते माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा. कोणाशी धड बोललो नाही. चार वाजले की हात आपोआप खिशाकडे जायचा, मोबाईलवर काही दिसत नव्हतं तरी.

मधल्या रविवारी घरी गेलो. मशीन नव्हतं, म्हणून चारही टीव्ही काळे. चार वाजता बाबांनी चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर टण टण केलं. आई आतून ओरडली, “हांवें हॉटेल घाल्लां काय?” ती चेष्टाच करत होती, पण बाबांनी चमचा खाली ठेवला आणि पुन्हा वाजवला नाही. वहिनी मला हळूच म्हणाली, आता ते काहीच करत नाहीत. आई तिच्या लक्षात येईल तेव्हा चहा नेऊन ठेवते, ते त्यांच्या लक्षात येईल तेव्हा पितात. कप निवून जातो. माझ्यावर बाबा रागावलेले नव्हते, हे जास्त वाईट होतं. मी आलो तेव्हा त्यांनी पाटी उचलली, लिहिलं, ‘प्रवास बरा झाला?’ मी होय म्हटलं. पाटी पुसली. झालं बोलणं.

निघताना भावानं जिन्याखाली गाठलं. “एक सांगूं? तुजो आवाज बाबांसारकोच. फोनार लोक फसतात. तूंच ती हाक मार आनी दी घालून. आईक कळचें ना.”

मी त्याला वेड्यात काढलं. पण वास्कोला गेल्यावर खोलीचं दार लावलं, खिडकी लावली, आणि मोबाईल तोंडाशी धरला. ‘आगो’ तोंडातून निघेना. नवऱ्यानं बायकोला मारायची हाक ती, मुलानं कशी मारायची? चौथ्यांदा कशीबशी मारली आणि ऐकली. हुबेहूब होती.  म्हाताऱ्या आईला फसवायला मी माझ्याच बापाचा गळा चोरून उभा होतो. ती पुसून टाकली आणि नळाखाली तोंड धुतलं.

अकराव्या दिवशी म्हापशाच्या माणसाचा फोन आला. “डिस्क फिरूंक लागल्या,” म्हणाला. “फोल्डर दिसतात.”

“टाकाऊ?”

“आसा. नांवां सगळीं दिसतात. शनवारीं यो, उघडून पळोवया.”

शुक्रवारी मी घरी काही कळवलं नाही. शनिवारी सकाळची पहिली बस धरली. दुकानात तो स्क्रीन माझ्याकडे वळवून बसला होता. ‘टाकाऊ’ खरंच होता. त्यात मीच दिलेली नावं, खोकला एक, खोकला दोन, कुत्रा, ट्रक, पेटीवाला. आणि बाबांनी ज्याच्यावर रोज बोट ठेवलं ते नाव, ‘चहा-बडबड’.

त्यानं दाबलं. काही वाजलं नाही. पुन्हा दाबलं. मग नावापुढचा आकडा दाखवला. शून्य. नाव होतं, आत काही नव्हतं. त्यानं एकेक उघडून बघितलं. कुत्रा भुंकला. खोकला वाजला, तोही नीट, सगळा. हाक नव्हती.

“आनीक कितें करूंक जाता?” मी विचारलं.

तो म्हणाला, काही नाही. खोकल्याची कॉपी हवी काय, असं त्यानं विचारलं. चेष्टेनं नव्हे. मी म्हटलं, दे. ह्या खेपेला सगळं दे.

घरी पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. बाबा कदेलीवर होते. भाऊ-वहिनी बाहेर गेलेले, आई स्वयंपाकघरात. मी बाबांच्या समोर स्टुलावर बसलो. पिशवी पायाशी ठेवली.

“बाबा, गाणीं सगळीं आसात.”

त्यांनी कदेलीच्या हातावर एकदा टक केलं. मग माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी पुढे काही बोलेना, तेव्हा त्यांनी पाटी घेतली आणि एकच शब्द लिहून माझ्यासमोर धरला.

‘च्या?’

दोन वर्षांत त्या पाटीवर घरचा शब्द आला तो हा पहिला.

मी मान हलवली. नाही. आणि मग मला थांबवता येईना. सगळं सांगितलं. झाकण मी उघडं ठेवलं. पूजा करा असं मी म्हटलं. कॅसेटी मी भंगारात दिल्या. कॉपी करताना तेवढंच मी वगळलं, कारण मला ते कचरा वाटलं. आणि वर तुमच्यावर ओरडलो, तुम्हाला उलट बोलता येणार नाही हे माहीत असताना. “म्हाका माफ करात बाबा,” म्हटलं. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना.

पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग पाटी माझ्या गुडघ्यावर आली. त्यांच्या वळणदार, शाळेतल्या अक्षरात लिहिलं होतं:

‘चूक माझीही. लिंबू ठेवायचं राहिलं. पण त्या गाडीला चाकच नव्हतं, ठेवणार कुठे?’

मी हसलो आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं, दोन्ही एकदम. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. स्वयंपाकघरातला टीव्ही वाजायची ती वेळ. आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. आईलाही वेळ कळली होती. दारातून मला तिची पाठ दिसत होती. ती ओट्याशी उभी होती, हात थांबलेले, मान किंचित त्या काळ्या टीव्हीकडे वळलेली. बाबा तिच्या पाठीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. मला ते स्पष्ट दिसलं. ओठांनी पूर्ण हाक मारली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि आवाज काही आला नाही.

आई वळलीसुद्धा नाही. ती पाठमोरीच मोठ्यानं म्हणाली,

“जाली जाली, हाडटां!”

‘आणते’ हे तिचं उत्तर मी कधीतरी ऐकलं होतं. कॅसेटवर, त्या हाकेच्या मागोमाग, लांबून, स्वयंपाकघरातून. ते फारच अस्पष्ट होतं, म्हणून मी ते ‘टाकाऊ’मध्येसुद्धा ठेवलं नव्हतं.

बाबांनी मांडीवरची पाटी उचलून खाली ठेवली आणि कप ठेवायला स्टुलावर जागा हवी म्हणून मला उठायची खूण केली. माझा हात सवयीनं मोबाईलकडे गेला होता. तो खिशातच राहू दिला आणि आईच्या हातातले कप घ्यायला आत गेलो.